मीटरवाल्यासाठी घातलेली भिंत

बिल आलं तेव्हा मी मोरीवर पाय धूत होते. दिवसभर डोक्यावरून माल वाहून मान आखडली होती आणि टाचांच्या भेगांत सिमेंट जाऊन बसलं होतं. ते नखानं काढावं लागतं, नाहीतर अंथरुणावर पडल्यावर ठसठसतं. बिलवाल्यानं सायकलवरून न उतरताच कागद दारात टाकला. मामंजींनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला आणि आत गेले. मग आतून दारावर कोळसा घासल्याचा आवाज यायला लागला. एकेक रेघ. मी पाणी ओतायचं थांबवून ऐकत राहिले. आवाज काही थांबेना.

"बास करा हो मामंजी, दार संपेल!" मी ओरडले.

"मी थांबतो गं, पण हा कागद थांबू देईल तर ना," ते आतून म्हणाले.

हे रेघांचं आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मामंजींनी जन्मभर गवंडीकाम केलं. आकडे त्यांना वाचता येतात, पण आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. दहा वर्षांपूर्वीचा पैसा आणि आजचा पैसा एकाच मापात कसा मोजायचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी स्वतःचं माप काढलं. महिन्याभरात दिवाबत्ती आणि चूल मिळून गवंड्याच्या मजुरीचे जितके दिवस खातील, तितक्या उभ्या रेघा घराच्या पुढच्या दारामागं ओढायच्या. मजुरी वाढली तर ती वाढलेली मजुरी धरायची. दाराच्या अगदी वर, जिथं हात पोचायला पाट लागतो, तिथं कंदिलाच्या काळातली एकुलती एक रेघ. मग बल्ब आला, पंखा आला, गॅसची टाकी आली. माझं लग्न झालं त्या साली दोन रेघा होत्या. पुढं टाकी इतकी महाग झाली की धाकट्या दिरांनी विजेची शेगडी आणली, तेव्हा चार. आणि आज मी हात पुसत आत जाऊन बघते तर आठ.

"आठ?" मी म्हटलं. "म्हणजे ह्यांचे आठ दिवस?"

"आठ दिवस उन्हात विटा लावायच्या आणि ते सगळे ह्या भोकात घालायचे," मामंजींनी कोळशानं विजेच्या बटणाकडं बोट दाखवलं. "बल्ब तोच. पंखा तोच. तोही मेला वारा कमी आणि आवाज जास्त देतो. मग रेघा कुठून आल्या? मला सांग."

मी काय सांगणार? मला तर चौथीपर्यंतच्या गणितानंही घाम फुटायचा.

आमचं घर म्हणजे एक लांबलचक खोली आणि तिच्या दोन टोकांना दोन लहान खोल्या. एका टोकाच्या खोलीत मी आणि आमचे हे. दुसऱ्या टोकाला धाकटे दीर, त्यांना मी भावजी म्हणते, आणि त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. मधल्या लांब खोलीत बाकी सगळं: शेगडी, भांडी, धाकटीचं शिलाई मशीन, मामंजींची खाट आणि दोन दारं, एक पुढचं, एक बाजूचं. हे गवंडी, मी त्यांच्याच हाताखाली बिगारी. भावजी टेम्पो चालवतात. धाकटी कपडे शिवते. आणि धाकटीची मुलगी टिल्ली, चार वर्षांची, ती झोपायची माझ्या कुशीत. बाळंतपणात धाकटी फार आजारी पडली होती, तेव्हा पोर माझ्याकडं आली ती आलीच. मला मोठीआई म्हणते. मला मूल नाही. हे एकदाच सांगते, पुन्हा नाही सांगणार.

तर त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. असं बघणं आमच्या घरात कधी नव्हतं.

"मशीनची मोटर," हे हळूच म्हणाले.

"दादा, मोटर गेल्या वर्षीही होती," भावजी म्हणाले. "वहिनी पहाटे पाणी तापवतात त्या शेगडीवर, ते धरा की."

"मी तापवते ते तुमच्या आंघोळीलाच तापवते!" मी म्हटलं. "उद्यापासून गार पाण्यानं करा, मग कळेल शेगडी कुणासाठी पेटते ते."

धाकटी उठली. तिनं मशीनचा पट्टा काढला, मोटर वेगळी केली आणि फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. त्या दिवसापासून ती पायानं मशीन मारायला लागली. पंधरा दिवसांत तिच्या पोटऱ्या माझ्यासारख्या झाल्या. आम्ही दोघी संध्याकाळी एकमेकींचे पाय चेपत बसायचो आणि ती म्हणायची, "ताई, आता मीही बिगारीच झाले बघा."

उन्हाळ्याचा तो सगळा महिना आम्ही वीज वाचवण्यात घालवला. पंखा फक्त मामंजी दुपारी झोपले तर लावायचा, आणि मामंजी मुद्दाम झोपायचेच नाहीत. टिल्लीच्या पाठीवर घामोळं उठलं. मी तिला पुठ्ठ्यानं वारा घालायचे आणि वारा घालता घालता मलाच डुलकी लागायची. शेगडी बंद करून अंगणात तीन विटांची चूल मांडली. कामावरून येताना मी स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फुटक्या फळ्यांची मोळी आणायचे. त्या फळ्यांना सिमेंट चिकटलेलं असतं, त्यामुळे जळतात कमी आणि धूर फार. शिवाय खिळे असतात. मुकादमानं एकदा सगळ्यांसमोर मोळी सोडून बघितली, आत चांगली फळी तर नाही ना म्हणून. काही निघालं नाही, पण मोळी परत बांधायला तो काही वाकला नाही. मी चार माणसांदेखत खाली बसून ती बांधली. त्या दिवशी चुलीत फळ्या सारताना मी त्या मुकादमाला पोटभर शिव्या दिल्या, भात चांगला शिजला.

पुढचं बिल आलं. मामंजींनी कोळसा घेतला. आम्ही सगळे दाराशी उभे राहिलो, अगदी टिल्लीसुद्धा. सात रेघा झाल्या. मामंजी थांबले. मग कागदाकडं बघून त्यांनी अर्धी रेघ ओढली.

"साडेसात?" हे म्हणाले. "अहो बाबा, निम्मं घर अंधारात ठेवलं आपण!"

"मी काय घरच्या कोळशानं वाढवतोय का?"

"मीटर बिघडलं असेल," भावजी म्हणाले.

"नाहीतर आपण बिघडलोय," मामंजी म्हणाले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. माझं तर डोकंच चालेना. कमी जाळलं तर कमी यायला हवं, एवढी साधी गोष्ट. चुलीचं तसंच असतं. चार फळ्या जाळल्या तर चार फळ्या गेल्या. ह्या विजेचा हिशेब कुठल्या गावाला चालतो, कुणास ठाऊक.

शेवटी अर्धा दिवस बुडवून मी आणि हे वीज कचेरीत गेलो. ह्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, पण नखांतला चुना काही जात नाही. रांगेत पुढच्या बाईनं जरा अंग चोरून घेतलं, कारण माझ्या केसांतून अजून सिमेंटची भुकटी पडत होती. खिडकीतला कारकून तरुण होता, स्वभावानं बरा होता. त्याच्या डोक्यावरचा पंखा आमच्या पंख्यासारखाच आवाज करत होता. ते बघून मला जरा धीर आला.

"तुमचे युनिट कमी झालेत," तो म्हणाला. "बरोबर आहे. पण मधल्या काळात दर वाढलेत."

"किती वाढलेत?"

"ते टप्प्यावर आहे."

"कसला टप्पा?"

त्यानं समजावून सांगितलं. मी मनापासून ऐकलं. पहिली थोडी वीज स्वस्त. त्याच्यावर गेलं की महाग. आणखी वर गेलं की आणखी महाग. तुमच्या घरात माणसं जास्त, म्हणून तुम्ही नेहमी वरच्या टप्प्यात.

"थांबा थांबा," मी म्हटलं. "दुकानात पोतंभर तांदूळ घेतले तर दुकानदार भाव कमी करतो. आणि तुमच्याकडं जास्त घेतलं तर जास्त भाव?"

"हो. म्हणजे लोकांनी कमी वापरावी म्हणून."

"पण आम्ही सहा माणसांनी कमी वापरली तरी एका माणसापेक्षा जास्तच होणार की!"

कारकुनानं डोकं खाजवलं. "ते आहे," तो म्हणाला. "खरं सांगू का, माझ्या घरीही तेच झालंय." मग कागद उलटापालटा करत त्यानं विचारलं, "एका मीटरवर दोन जोडपी आहेत ना? मग दोन मीटर करून घ्या. प्रत्येक मीटरला खालचा टप्पा वेगळा मिळेल. तेवढीच वीज, पण बिल कमी."

"तेवढीच वीज?" ह्यांनी विचारलं.

"तेवढीच."

"तीच माणसं, तोच बल्ब?"

"तोच. फक्त घर वेगळं पाहिजे. वेगळी चूल, वेगळं दार, मध्ये भिंत. आमचा माणूस येऊन बघून जाईल."

परत येताना हे वाटभर बिलाची घडी घालत आणि उलगडत होते.  सहा माणसं एकत्र राहिली तर दंड आणि वेगळी झाली तर सूट, असलं गणित मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. वेशीपाशी हे थांबले आणि म्हणाले, "तुला कळलं का गं काही?" मी म्हटलं, "भिंत तेवढी कळली."

मामंजींना सांगितलं तेव्हा ते उठूनच बसले. "विजेच्या दिव्यासाठी घर फोडायचं?"

"फोडायचं नाही बाबा," भावजी म्हणाले. "दाखवायचं. नुसती मातीत भिंत घालायची. साहेब येईल, बघेल, मीटर लागेल. मग थोडे महिने गेले की पाडून टाकायची. सिमेंट वापरायचंच नाही. दादा एका दुपारीत पाडेल."

"आणि तो परत आला तर?"

"म्हणून तर थोडे महिने म्हटलं."

मामंजींनी दारामागच्या रेघांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ह्या रेघा उतरणार असतील तर घाला."

खरी अडचण वेगळीच होती. पलीकडच्या गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्यानंही आमच्यासारखंच केलं होतं. खोलीच्या मधोमध भिंत घातली, दोन चुली मांडल्या, सगळं झकास. साहेब बघायला आला आणि जाता जाता त्यानं दारातल्या नातवाला विचारलं, बाळ, तू कुठं जेवतोस? पोरगं म्हणालं, सगळ्यांबरोबर. झालं! अर्ज परत. वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. ही गोष्ट भावजींनी सांगितली आणि सगळ्यांच्या नजरा टिल्लीकडं गेल्या. टिल्ली तेव्हा माझ्या मांडीवर बसून माझ्या तळहाताला पडलेले घट्टे मोजत होती.

"हिला पढवावं लागेल," भावजी म्हणाले.

"माझं नाही ऐकत ती," धाकटी म्हणाली. "ताईंचंच ऐकते."

म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी बिस्किटांचा डबा काढला. रोज संध्याकाळी टिल्लीला समोर उभी करायची आणि साहेब होऊन विचारायचं.

"बाळ, तू कुठं झोपतेस?"

"मोठीआईजवळ."

"नाही गं राणी. मी माझ्या आईजवळ झोपते, असं म्हणायचं."

"पण मी तर तुझ्याजवळ झोपते."

"हो गं, पण साहेबाला तसं सांगायचं नाही."

"का?"

"तो रागावतो."

"कुणी कुणाजवळ झोपलं की रागावतो?"

 मी बिस्कीट दाखवलं. तिनं बिस्किटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मी माझ्या आईजवळ झोपते." मग बिस्कीट खाऊन रोजच्यासारखी माझ्याच पांघरुणात शिरली.

दोन दिवसांनी भावजींच्या लक्षात आलं की मोठीआई हा शब्दही घात करेल. वेगळ्या घरातल्या बाईला पोर आई कशाला म्हणेल? काकू म्हणायला शिकवा, वहिनी. मी शिकवलं. ही कोण? ही काकू. हे घर कुणाचं? काकूचं. तुझं घर? ते पलीकडचं. हात खाली, मान वर, न हसता. पोर हुशार. चुकली की स्वतःच जीभ चावायची आणि पहिल्यापासून म्हणायची. घरातले सगळे कामं सोडून बघत बसायचे, मामंजी तर टाळ्या वाजवायचे. मलाही तेव्हा गंमतच वाटत होती.

सुट्टीच्या दिवशी भिंत घातली. जुन्या विटा होत्याच. माती मी कालवली. दुसऱ्यांच्या घरी मी आजवर किती विटा वाहिल्या असतील, पण स्वतःच्या घरात शेगडीला वळसा घालून घमेलं न्यायची वेळ पहिल्यांदाच आली. मजुरी नाही, मुकादम नाही, तरी पाठ तेवढीच दुखत होती. मामंजी खाटेवर बसून ओळंबा धरत होते. हे एकेक थर लावत होते, दोरी बघत होते, थापीनं ठोकत होते, पुन्हा ओळंबा मागत होते.

"अहो, पाडायचीच आहे ना?" मी म्हटलं. "मग एवढा ओळंबा कशाला?"

"वाकडी भिंत माझ्या हातून नाही होणार गं," हे म्हणाले. "नाही जमत."

वरचा थर लागला तेव्हा पलीकडून धाकटी दिसेनाशी झाली. आधी तिचे पाय गेले होते, मग कंबर, मग चेहरा. तिचा हात तेवढा वरून आला. "ताई, मीठ राहिलं तुमच्याकडं," ती म्हणाली. मी वाटीत मीठ घालून दिलं. मग ह्यांनी तीही जागा बुजवली आणि मला एकदम हुंदका आला. धूळ गेली डोळ्यांत, असं मी म्हटलं. घरात सगळीकडं धूळच होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

साहेब आला तो घामाघूम होऊन, हातात फाइल आणि घशाला कोरड. मी पाणी दिलं. त्यानं इकडची चूल बघितली, बाहेरून वळसा घालून तिकडची बघितली, भिंतीवर बोटानं टकटक केलं. "चांगली घातलीय," तो म्हणाला. ह्यांना मनातून बरं वाटलं, मला चेहऱ्यावर दिसलं. मग निघता निघता तो टिल्लीपाशी थांबलाच.

"काय गं, कुठं राहतेस तू?"

टिल्लीनं हात खाली केले, मान वर केली. "ते पलीकडचं माझं घर. हे काकूचं घर. मी माझ्या आईजवळ झोपते."

न विचारलेलंही सांगून मोकळी झाली! साहेब हसला. त्यानं फाइलवर सही केली. तो वळणाआड गेला आणि भावजींनी टिल्लीला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचवलं. मी तिला दोन बिस्किटं दिली.

"पण पुढचे काही महिने जपून राहायचं," भावजी म्हणाले. "हे लोक कधीही येतात. टिल्लीला तिकडंच झोपू दे."

पहिल्या संध्याकाळी ती भिंतीपाशी येऊन रडली. मला सगळं ऐकू येत होतं. मातीची भिंत, तीही एका विटेची. मी इकडून भिंतीला तोंड लावून म्हटलं, "टिल्ली, शहाणी ना तू? कुठं झोपायचं?" तिकडून हुंदके देत आवाज आला, "आईजवळ." मी म्हटलं, "शाब्बास." दुसऱ्या संध्याकाळीही रडली. मग कमी कमी होत गेलं. मी मात्र अंथरुणाची तिची बाजू मोकळीच ठेवायचे. हे एकदा झोपेत तिकडं सरकले, मी त्यांना कोपरानं परत ढकललं.

नवीन बिलं आली. दोन कागद. मामंजी दोन्ही घेऊन दारामागं गेले. इकडच्या तीन रेघा. तिकडच्याही ओढायच्या म्हणून ते बाहेरून वळसा घालून गेले, तिकडच्या दारामागं उभे राहिले आणि अडकले. माप कुणाचं धरायचं? ह्यांची रोजची मजुरी, भावजींचा महिन्याचा पगार. टेम्पोवाल्याचा दिवस केवढा आणि गवंड्याचा केवढा? शेवटी त्यांनी तिकडं टेम्पोच्या मापानं अडीच रेघा ओढल्या. परत येऊन खाटेवर बसले आणि बोटांवर मोजायला लागले. "तीन इकडं, अडीच तिकडं. पण ह्या अडीच त्या तीनसारख्या नाहीत. बेरीज कशी करू?"

"कमी आलंय मामंजी, एवढं कळलं ना? मग झालं," मी म्हटलं.

"कळलं गं. पण घर एक असताना मला कळत तरी होतं किती वाढलं ते."

दोन महिने बरे गेले. धाकटीनं मोटर परत लावली. तिच्या मशीनची घरघर भिंतीतून ऐकू यायची आणि मी इकडं भांडी घासत तिच्याशी मोठ्यानं बोलायचे. कधी तिला ऐकू जायचं, कधी नाही. मग हळूहळू तिनं उत्तर द्यायचं सोडलं. रागानं नाही, कामात. टिल्ली दिवसभर दोन्हीकडं असायची, पण अंधार पडायला लागला की मी न सांगता उठून जायची.

थंडी सुरू झाली आणि बिलवाल्यानं पुन्हा दोन कागद टाकले. मामंजींनी इकडं रेघा ओढल्या: साडेचार. मग स्वेटर घालून तिकडं गेले. तिथंही चार. ह्यांनी दोन्ही बिलं समोर ठेवली, भावजींना हाक मारली. दर पुन्हा बदलले होते. खालचा टप्पा त्यांनी लहान केला होता. आणि प्रत्येक मीटरमागं एक ठरावीक रक्कम लागली होती, बल्ब लावा न लावा. एक मीटर असतं तर ती एकदा बसली असती. आता दोनदा.

"म्हणजे एकत्र राहिलो तर महाग," मी म्हटलं. "आणि वेगळं राहिलो तरी महाग?"

"तसंच दिसतंय," भावजी म्हणाले. ते कागद उलटून बघत होते. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

"मग राहायचं तरी कसं?"

 हे पुन्हा कचेरीत गेले. तोच कारकून होता. तो म्हणाला, आता तुम्हाला एकच मीटर परवडेल, दुसरं जमा करा. ह्यांनी विचारलं, आणि पुन्हा दर बदलले तर? कारकून म्हणाला, मला पुढच्या महिन्याचंही माहीत नाही हो. हे त्याच्यावर रागावलेसुद्धा नाहीत. घरी येऊन पहार काढली.

मला इतका आनंद झाला की मी कामावर गेले नाही. बिल गेलं खड्ड्यात! भिंत पडणार होती. मी पहाटे उठून अंथरूण उन्हात टाकलं, टिल्लीचं पांघरूण धुतलं. धाकटीही तिकडून हसत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. ह्यांनी वरची वीट सैल केली आणि भोकातून तिचा हात आला. हातात मिठाची वाटी. "तुमची वाटी राहिली होती ताई, केव्हाची," ती म्हणाली. मी वाटीसकट तिचा हात धरून ठेवला. हे म्हणाले, "बायांनो, हात काढा, वीट पडेल." आम्ही काही काढला नाही.

दुपारपर्यंत भिंत पडली. मातीच ती. विटा मी अंगणात रचल्या, राडारोडा बाहेर टाकला, जमीन सारवली. तरी जिथं भिंत होती तिथं पट्टा दिसत राहिला, आजूबाजूपेक्षा फिकट. मामंजींनी खाट पुन्हा मधोमध ओढली. कोळसा घेऊन त्यांनी दारामागं नवी ओळ धरली, पण रेघ काही ओढली नाही. म्हणाले, आता येईल ते बघू.

दिवस मावळला. सगळे एकत्र जेवलो, कितीतरी दिवसांनी. धाकटी आणि मी मिळून भांडी घासली. मग मी आमच्या खोलीत अंथरूण घातलं, उन्हाचा वास येणारं पांघरूण उलगडलं आणि हाक मारली.

"चला टिल्लीबाई, झोपायला!"

टिल्ली आली. पळतच आली आणि त्या फिकट पट्ट्यापाशी थांबली. तिनं पायाची बोटं पट्ट्याच्या पलीकडं नीट जुळवून ठेवली. हात खाली केले. मान वर केली.

"ते काकूचं घर," ती म्हणाली. "मी माझ्या आईजवळ झोपते."

भावजी मोठ्यानं हसले आणि मग थांबले. धाकटी पुढं येऊन म्हणाली, "अगं वेडे, आता नाही तसं म्हणायचं. मोठीआई म्हण. जा तिच्याकडं." टिल्लीनं तिच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि मी काही बोलेना, म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं. न चुकता, न हसता. मग तळहात पुढं केला.

एकही शब्द चुकला नव्हता. मी उठले, फळीवरून डबा काढला आणि तिला बिस्कीट दिलं.